माशांच्या टाकीवर बंदी घालणाऱ्या कमिटीला एक प्रश्न: स्लॅबचं ड्रॉइंग कुठे आहे?

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरात मोठी टाकी आहे, किंवा ज्यांच्या डोक्यावर दुसऱ्या कुणाची तरी टाकी आहे, त्यांनी तरी पूर्ण वाचा.

डोंबिवलीतल्या एका सोसायटीची नोटीस गेले चार दिवस व्हॉट्सॲपवर फिरतेय. मलाही किमान दहा जणांनी पाठवली. "कोणत्याही सभासदाने आपल्या सदनिकेत मत्स्यटाकी ठेवू नये, ठेवल्यास दंड आकारण्यात येईल." संपली नोटीस. केवढी टाकी, कुठे ठेवलेली, कुणी तपासलं, कशाच्या आधारावर ठरवलं, एक अक्षर नाही. मागची गोष्ट एवढीच की तिसऱ्या मजल्यावरच्या एका सभासदाने सहा फुटी टाकी आणली, दुसऱ्या मजल्यावरच्या काकू घाबरल्या, त्यांनी अर्ज दिला आणि कमिटीने सगळ्या इमारतीतले मासे बंद करून टाकले. ज्या पोराकडे काचेच्या बरणीत एक फायटर आहे, त्यालाही दंड.

आता ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते, "माझा फ्लॅट, मी हत्ती पाळीन." दुसरी म्हणते, "इमारत पडली तर जबाबदार कोण?" मी दोन्ही बाजूंचे मेसेज वाचले. दीडशेच्या वर असतील. त्यात एकाही माणसाने किलोमध्ये बोललेलं नाही. मी पंचवीस वर्षं साइटवर सुपरवायझर म्हणून काढलीत, त्यामुळे मला याचाच राग आला. वजनाचं भांडण आहे ना? मग वजन करा की.

सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी टाकी घ्या. चोवीस घनफूट. एका घनफुटात सव्वाअठ्ठावीस लिटर पाणी मावतं, म्हणजे काठोकाठ भरली तर ६८० लिटर. आपण वर दोन इंच मोकळे सोडतो, तेव्हा ६२० धरा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. काच १२ मिलीची असेल तर तिचेच १२० किलो. खाली रेती, दगड, शोभेचं लाकूड मिळून ८०-९० किलो. लोखंडी स्टँड आणि प्लाय ७० किलो. झाले ९००. स्टँडखाली फिल्टरची वेगळी टाकी असेल तर आणखी शंभर. म्हणजे जवळजवळ एक टन, आणि तोही बारा चौरस फुटांत. मारुती आल्टो ८०० चं रिकामं वजन सातशे-साडेसातशे किलो असतं. ती गाडी कुणी हॉलमध्ये आणून उभी केली तर आपण पोलिसांना फोन करू. टाकी आणली की आपण फोटोला लाइक करतो.

आता दुसरी बाजू. राहत्या घराच्या खोल्यांसाठी भारतीय मानकात (आयएस ८७५, भाग २) वापराचं वजन धरलेलं आहे दर चौरस मीटरला २०० किलो. म्हणजे चौरस फुटाला साधारण साडेअठरा. माणसं, फर्निचर, कपाटं, पाहुणे, सगळं त्यात आलं. टाकीखालच्या बारा चौरस फुटांच्या वाट्याला या हिशोबाने येतात सव्वादोनशे किलो. तुम्ही ठेवताय ९०० ते १०००. चौपटीच्या वर.

इथे कमिटीवाले लगेच म्हणतील, "बघा, आम्ही सांगत होतो!" थांबा जरा. स्लॅब बारा चौरस फुटांचा नसतो. दहा बाय पंधराचा हॉल असेल तर त्या अख्ख्या स्लॅबवर याच हिशोबाने पावणेतीन टनांच्या आसपास वजन धरलेलं असतं. त्यात टाकीचं एक टन बसूही शकतं. प्रश्न येतो कुठे ठेवता त्याचा. जे वजन सगळ्या स्लॅबवर पसरलेलं असतं, तेच एका जागी, खोलीच्या मधोमध आणून ठेवलं की स्लॅबला वाकवणारा जोर साधारण दुप्पट होतो. तेच भिंतीला लागून, खाली बीम असलेल्या जागी, कॉलमच्या कोपऱ्याजवळ ठेवलं तर बहुतेक वजन सरळ बीममधून कॉलममध्ये उतरतं आणि स्लॅबला फारसं कळतही नाही. तीच टाकी, तेच मासे, तोच फ्लॅट. सात फूट इकडे किंवा तिकडे. "ठेवू नये" एवढंच लिहिणाऱ्या नोटिशीला हा फरक माहीतच नाही. आणि "माझा फ्लॅट" म्हणणाऱ्यालाही नाही. त्याने टाकी कुठे ठेवली असेल सांगू? हॉल आणि डायनिंगच्या मध्ये, पार्टिशन म्हणून. कारण युट्यूबवर तसं छान दिसतं.

लहान टाक्यांबद्दलही सांगून टाकतो, म्हणजे काकूंना शांत झोप लागेल. दोन फूट बाय एक बाय एकची टाकी म्हणजे ५६ लिटर. तिच्यावर नोटीस काढणं हा विनोद आहे. चार फूट बाय दीड बाय दीडची अडीचशे लिटर, सगळं धरून साडेतीनशे-चारशे किलो. धडधाकट इमारतीत, बीमवरच्या भिंतीला लावून ठेवली तर काळजीचं कारण नाही. पुस्तकांनी खच्चून भरलेली दोन लोखंडी कपाटं शेजारी शेजारी उभी केली तरी त्याच घरात जातात. त्याच्या पुढची टाकी आली की मग विचारायचं. पाच-सहा फुटी टाकी इंजिनीअरला न विचारता वरच्या मजल्यावर भरू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

नेहमी येणारी एक कमेंट आत्ताच निकालात काढतो. "आमच्याकडे सत्यनारायणाला पन्नास माणसं बसतात, तेव्हा नाही पडला स्लॅब?" दादा, पन्नास माणसं खोलीभर बसतात आणि प्रसाद घेऊन घरी जातात. टाकी चोवीस तास, बाराही महिने, दहा वर्षं एकाच जागी उभी असते. सिमेंट काँक्रीट कायमच्या वजनाखाली हळूहळू वाकत राहतं, हा त्याचा स्वभाव आहे. पहिल्या दिवशी काही झालं नाही म्हणून पाचव्या वर्षी होणार नाही असं धरता येत नाही. "डिझाइनमध्ये दीडपट धरलेलं असतं हो" असंही कुणी तरी म्हणेलच. असतं. ते काँक्रीट कमी-जास्त झालं, सळई थोडी हलली, अंदाज चुकला यासाठी असतं. ते खर्चायला आपल्याला कुणी परवानगी दिलेली नाही. आणि तीस वर्षांच्या इमारतीत त्यातलं किती शिल्लक आहे हे तपासल्याशिवाय कळत नाही. आपल्या पट्ट्यात त्या काळात खाडीची रेती सर्रास वापरली गेली. मी स्वतः ट्रक उतरताना पाहिलेत. त्या रेतीतलं मीठ आजही सळया खात बसलंय.

युट्यूबचा विषय निघालाच आहे तर त्याबद्दल. तिथे अमेरिकेतले लोक सांगतात की टाकी जॉइस्टच्या आडवी ठेवा, म्हणजे वजन जास्त जॉइस्टवर वाटलं जाईल. बरोबर सांगतात, पण त्यांच्या घरांची जमीन लाकडी असते. तो सल्ला आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या कडीपाटाला लागू पडेल, आणि कडीपाटावर टनभर पाणी ठेवू नका हे सांगायला अमेरिका कशाला हवी. आपल्या फ्लॅटची जमीन आरसीसी स्लॅब आहे. त्याला कड्या नाहीत, बीम आहेत. दुकानदाराला विचारलंत तर तो म्हणतो, "साहेब, शेकडो टाक्या बसवल्या, काही होत नाही." त्याला टाकी विकायची आहे. वास्तुवाला म्हणतो, ईशान्येला ठेवा, पैसा येतो. ईशान्येला बीम आहे का, हे तो विचारत नाही. अरोवाना घरात भाग्य आणतो म्हणून पन्नास हजार खर्च करणारे लोक मला माहीत आहेत. त्यांतल्या एकानेही इंजिनीअरची फी भरलेली नाही.

मग बीम कुठे आहे हे कळणार कसं? तुमच्या घरात उभं राहून कळत नाही. तुमची जमीन हे खालच्याचं छत आहे, बीम दिसतो तो त्यांच्या घरात. म्हणजे टाकी आणण्याआधी पहिलं काम एकच: जिना उतरा, खालच्यांची बेल वाजवा, चहा घ्या आणि वर बघा. कुठल्या भिंतीखाली बीम उतरलाय ते दिसेल. आतल्या साडेचार इंची भिंती बऱ्याचदा नुसत्या स्लॅबवरच बांधलेल्या असतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. बाहेरच्या भिंतीखाली बहुतेक करून बीम असतो. त्याच वेळी आणखी काही दिसेल. प्लॅस्टर फुगलंय का, सळईच्या रेषेत तडा गेलाय का, तांबूस डाग आहेत का, पावसाळ्यात ओल येते का. यातलं काहीही दिसलं तर टाकी विसरा आणि त्या स्लॅबचं आधी बघा. गॅलरीत तर ठेवूच नका. मानकात गॅलरीला चौरस मीटरला ३०० किलो धरलेत म्हणून कुणी वाद घालेल. पण गॅलरी बहुतेक ठिकाणी एकाच बाजूने धरलेली असते, तिची मुख्य सळई वरच्या अंगाला असते, आणि वर्षानुवर्षं पाऊस खाऊन सगळ्यात आधी सडते ती तीच. वर आपण ती ग्रिल लावून, काचा लावून खोलीत घेतलेली असते.

या नोटिशीच्या निमित्ताने एक गोष्ट मला चांगलीच खटकली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आणि तिसऱ्या मजल्यावरचा तो सभासद, दोघांनी कमिटीला पत्रं लिहिली. एकमेकांच्या घरी कुणी गेलं नाही. वीस वर्षांचा शेजार!

बरं, काकूंनी पीओपीचं छत करून घेतलं असेल तर? तर वर बघूनही काही दिसणार नाही. मग उरतं एकच: इमारतीचं स्ट्रक्चरल ड्रॉइंग. बीम कुठे, कॉलम कुठे, स्लॅबची जाडी किती, सळई कोणत्या दिशेला किती अंतरावर, किती वजन धरलंय, सगळं त्यात असतं. म्हणून माझा प्रश्न कमिटीला आहे. तुमच्या कपाटात हे ड्रॉइंग आहे का? असेल तर या सभासदाला त्याची प्रत दिलीत का? नसेल तर दंडाची नोटीस कशाच्या जोरावर काढलीत?

मी ज्या ज्या सोसायट्यांत विचारलंय तिथे उत्तर ठरलेलं आहे: "बिल्डरकडे असेल." बिल्डर आज कुठे आहे देव जाणे. मंजूर नकाशा असतो, तो आर्किटेक्टचा. त्यात खोल्या दिसतात, सळई दिसत नाही. नव्या इमारतींना रेरा कायदा लागू आहे. पूर्णत्व प्रमाणपत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत कागदपत्रं आणि नकाशे संस्थेच्या ताब्यात द्यायची जबाबदारी त्यात बिल्डरवर टाकलेली आहे, आणि ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर तो त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचाय. किती कमिट्यांनी हे कागद मागून घेतले? झूमर कुठलं लावायचं यावर तीन सभा होतात. ज्यांना आपल्या गावातल्या ६५ बेकायदा इमारतींचं प्रकरण आठवतंय, ज्या पाडायला उच्च न्यायालयाने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सांगितलं, त्यांना मुद्दा कळेल. बनावट कागदांवर उभ्या राहिलेल्या इमारतींत लोकांनी आयुष्याची पुंजी घातली. तिथे सळईचं ड्रॉइंग तुम्ही कुणाकडे मागणार?

आणि जुन्या इमारती? तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने बंधनकारक आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीत तर पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी करायचं लिहिलंय. ऑडिट करणारा इंजिनीअर आलेलाच असतो, त्याला एक ओळ जास्त लिहायला सांगा: कुठल्या मजल्यावर, कुठल्या भिंतीला किती वजन चालेल. जादा खर्च फारसा नाही. तो कागद जिन्यात लावा. मग मत्स्यटाकीवरच्या बंदीची गरजच पडत नाही. सभासद स्वतः बघेल आणि चार फुटी घ्यायची की सहा फुटी ते ठरवेल.

आता कमिटीला थोडं झोंबेल असं. वजनाची एवढीच काळजी असेल तर टाकी सोडून बाकीचंही मोजा. जुनी फरशी न काढता तिच्यावरच नवी व्हिट्रिफाइड बसवायची फॅशन आहे. मसाला आणि टाइल मिळून दोन इंचांचा थर चौरस मीटरला शंभर किलोच्या वर जातो. दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये जवळजवळ दीड टन! आपल्या सहा फुटी टाकीपेक्षा जास्त, आणि डिझाइनमध्ये फरशीचा एकच थर धरलेला असतो. पसरलेलं वजन आहे हे खरं, पण ते कायमचं आहे आणि वर फर्निचर आहेच. याला तुमची एनओसी मिळते, दोन हजार रुपये डिपॉझिट घेऊन, डेब्रिज उचललं की परत. गच्चीवर गळती थांबवायला कोब्यावर कोबा चढतो. हजार लिटरच्या काळ्या टाक्या कुणाच्या परवानगीने आल्या, कुणाला माहीत नाही. आतली भिंत पाडून हॉल मोठा केलेली किती घरं आहेत तुमच्या इमारतीत? माशांची टाकी दिसते, त्यात रंगीत दिवा असतो, म्हणून तिच्यावर नोटीस.

२० मे २०२५ विसरू नका. कल्याण पूर्वेला चिकणीपाड्यात सप्तशृंगी इमारतीत वरच्या मजल्याचा स्लॅब खालचे स्लॅब घेऊन तळापर्यंत आला. सहा माणसं गेली. वर फरशीचं काम चालू होतं. त्याआधी २०२१ च्या मे महिन्यात उल्हासनगरात दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब असेच कोसळले. यातल्या एकाही ठिकाणी माशांचा काही संबंध नव्हता. पण वरचा स्लॅब पडला की तो फक्त वरच्याचा राहत नाही, खालची सगळी घरं सोबत नेतो. म्हणूनच "माझा फ्लॅट, माझी मर्जी" हे बोलणं मला मान्य नाही. फ्लॅटच्या आतली हवा तुमची. स्लॅब, बीम, कॉलम संस्थेचे, म्हणजे त्या काकूंचेही.

आणि स्लॅब शाबूत राहिला तरी पाणी आहेच. १६ डिसेंबर २०२२ ला बर्लिनमधल्या एका हॉटेलातली दहा लाख लिटरची प्रचंड टाकी पहाटे फुटली. दीड हजार मासे होते. माणसं वाचली ती वेळ पहाटेची होती म्हणून. तिथे तर बांधणारे जगातले नामांकित लोक होते. आपल्याकडे सहाशे लिटर सुटले तर ते लाकडी फर्निचर भिजवून थांबत नाहीत. स्लॅबमध्ये वायरिंगचे पाइप टाकलेले असतात, पाणी त्यांतून उतरतं आणि खालच्यांच्या पंख्याच्या हुकातून टपकायला लागतं. वीज चालू असताना.

म्हणून ज्यांना ठेवायचीच आहे आणि इंजिनीअरने हो म्हटलंय त्यांनी एवढं करा. चार पायांचं अँगलचं स्टँड नको, एकेका पायावर अडीचशे किलो येतात आणि टाइल खाली पोकळ असेल तर फुटते. पूर्ण लांबीचा सपाट तळ असलेलं स्टँड घ्या. काचेखाली जाड प्लाय आणि त्यावर थर्माकोल. ट्यूब लेव्हलने लांबी-रुंदी दोन्हीकडून बघा. एका बाजूला पाव इंच उतार असला तरी काचेच्या सांध्यावर ताण येतो. पाणी एका दमात भरू नका. पाव टाकी भरा, रात्रभर थांबा, लेव्हल पुन्हा बघा, मग पुढे. स्विचबोर्ड टाकीच्या वर किंवा बाजूला, कधीही खाली नाही, आणि वायर बोर्डाच्या खाली लोंबून मग वर जाऊ द्या म्हणजे ओघळ बोर्डात शिरत नाही. घरात ३० मिलीॲम्पचा आरसीसीबी नसेल तर आधी तो बसवा. जुनी टाकी स्वस्तात मिळाली म्हणून आणत असाल तर सांध्यातलं सिलिकॉन नखाने दाबून बघा. कडक झालं असेल, कडेला सुटलं असेल, तर त्या स्वस्ताईत पडू नका. आणि खालच्यांकडे तुमच्या घराची एक चावी ठेवा. तुम्ही गणपतीला कोकणात गेलेले असताना पंखा टपकायला लागला तर त्यांनी काय दार फोडायचं?

त्या नोटीसवाल्या कमिटीतले दोघं माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, पोस्ट वाचतीलच. अध्यक्ष महाशय, नोटीस मागे घ्या आणि तिच्या जागी तीन ओळी लिहा. शंभर लिटरपर्यंत विचारायची गरज नाही. त्यापुढे संस्थेला लेखी कळवावं आणि जागा दाखवावी. चारशे लिटरच्या पुढे संस्थेच्या पॅनलवरच्या इंजिनीअरचं पत्र लागेल, फी सभासदाची. हे आकडे माझे आहेत, तुमच्या इंजिनीअरने कमी-जास्त केले तर माझी काही हरकत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या सभासदालाही सांगणं आहे: इंजिनीअर येईपर्यंत टाकी अर्धी रिकामी करा. मासे अर्ध्या पाण्यात आठवडाभर नीट राहतात, फक्त हवेचा पंप चालू ठेवा.

सप्टेंबरअखेर सगळ्या सोसायट्यांच्या वार्षिक सभा होतील. विषयपत्रिकेत "स्ट्रक्चरल ड्रॉइंग आणि शेवटचं ऑडिट सभासदांना दाखवणे" हा विषय घ्या म्हणून आजच अर्ज द्या, पोच घ्या. कमेंटमध्ये भांडायला या, हरकत नाही. पण सुरुवातीला तुमच्या इमारतीचं वय आणि ड्रॉइंग ऑफिसात आहे की नाही, एवढं लिहा. सोसायटीचं नाव नको.